हिरवी चटणी: खलबत्ता की मिक्सर?

रानजाई: कांदाभजी बुडवून खायची हिरवी चटणी मी हल्ली खलबत्त्यातच करते. आधी जाडं मीठ, लवंगी मिरची, लसूण आणि जिरं कुटायचं, मग कोथिंबीर देठांसकट. खरा वास देठांत असतो. मिक्सरमध्ये पाणी ओतल्याशिवाय पातं फिरत नाही, भांडं तापतं आणि पुदिना काळवंडतो. ती चटणी मला खाववत नाही. तुमचं मत?

सकाळचाडबा: अजिबात पटलं नाही. दोष मिक्सरचा नाही, घाईचा आहे. भांडं दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे टाका आणि थांबत थांबत फिरवा. माझं माप: कोथिंबिरीची एक जुडी, त्याच्या निम्मा पुदिना, 5-6 मिरच्या, लसणाच्या 4 पाकळ्या, 2 चमचे डाळं. डाळ्यामुळे पाणी वेगळं होत नाही, सँडविचचा पाव भिजत नाही.

रानजाई: डाळं घातलं की पुदिना मागे पडतो. डब्याला ठीक, भज्यांना नको.

पानफूल: काळवंडणं दोन्हीकडे होतं. पान चिरडलं की त्यातली विकरं (एन्झाइम्स) हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतात. खलबत्ता त्यातून सुटत नाही. लिंबू ते रोखतं, पण चटणी दोन दिवस ठेवली की तेच आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतं आणि रंग शेवाळी होतो. लिंबू वाढतानाच पिळा. आणि तिखटपणा कमी करायला नुसत्या बिया काढू नका, जाळ मिरचीच्या आतल्या पांढऱ्या पडद्यात असतो.

तापीकाठ: दही घाला की! मिरचीचा जाळ पाण्याने जात नाही, दह्याने उतरतो.

रानजाई: दही घातलं की चटणीचं रायतं होतं. लिंबाचं मात्र पटलं, आजपासून वरूनच पिळेन. पण खलबत्त्यातली चटणी जरा भरड राहते, भज्याला चिकटून येते. मिक्सरची गुळगुळीत चटणी ओघळून जाते.

सकाळचाडबा: भरड हवी तर मिक्सर लवकर थांबवा. आमच्याकडे आठ माणसं जेवतात. आईने वर्षानुवर्षं पाट्यावर वाटलं, आज तिचा उजवा खांदा वर होत नाही. त्या चटणीचं सगळ्यांनी कौतुक केलं, वरवंटा मात्र दुसऱ्या कुणी हातात घेतला नाही. आमच्या घरात आता मिक्सरच चालेल.