उत्तर: मेटल डिटेक्टरचं मशीन साधं की फीचरवालं? आधी जमीन बघा
‘नवशिक्याने एका नॉबचं मशीन घ्यावं, बाकी बटणं शोभेची’ हे मत सगळीकडे चालत नाही, गोव्यात तर नाहीच. माझं एकाच फ्रिक्वेन्सीचं साधं मशीन मिरामारच्या कोरड्या वाळूत गुणी बाळासारखं वागतं; लाट येऊन गेलेल्या पट्ट्यात कॉईल (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) नेली की नुसता टिवटिवाट. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून ओली वाळूच त्याला धातू वाटते. सेन्सिटिव्हिटी उतरवली की गप्प बसतं, पण मग वीतभर खोलीवरचं नाणंही सापडत नाही.

त्याहून वाईट आमचं भाट, म्हणजे माडांची बाग. काकीची कुडी माडाच्या आळ्यात पडली तेव्हा दोन तास फुकट गेले. माती जांभ्याची, लोहाने लाल. चिऱ्याचा तुकडा आला की मशीन ओरडलंच. शेजाऱ्याच्या मशीनला ग्राउंड बॅलन्स होता, म्हणजे मातीचाच सिग्नल वजा करायची सोय. त्याने कॉईल चार वेळा वरखाली केली, आवाज बसला, दहा मिनिटांत कुडी हातात. ब्लूटूथ नि पंधरा मोड सोडा, पण ग्राउंड बॅलन्स हवाच. ओल्या वाळूत उतरायचं तर मल्टी-फ्रिक्वेन्सीही, म्हणजे एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन. आणि हो, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज बंद करायची सोय) लावून चॉकलेटची चांदी गाळू नका, बारीक सोनं बहुतेकदा स्क्रीनवरच्या त्याच आकड्यांत येतं.