मोठ्या बँकेत क्रेडिट रिस्कची समर इंटर्नशिप: आधी काय शिकून जावं?

नवा_इंटर्न

नमस्कार. एका मोठ्या बँकेच्या कॉर्पोरेट क्रेडिट रिस्क विभागात, म्हणजे कंपन्यांची कर्जं बुडण्याची जोखीम तपासणाऱ्या विभागात, १० आठवड्यांची समर इंटर्नशिप मिळाली आहे. फायनान्सचे विषय झाले आहेत, गुणोत्तरं काढता येतात, एक्सेल बरं येतं. पण कर्जाची खरी फाईल कधी पाहिलेली नाही. हातात नेमकं कोणतं काम येतं? नवखे कुठे चुकतात? पुढे नोकरी द्यायची की नाही हे कशावरून ठरतं? रुजू व्हायला अजून तीन आठवडे आहेत, ते कशावर घालवू?

ताळेबंद_वाचक

पहिला आठवडा बहुतेक सक्तीच्या प्रशिक्षणात जातो: मनी लाँडरिंग, माहितीची सुरक्षा, स्वतःच्या शेअर व्यवहारांचे नियम. सिस्टिमचे ॲक्सेस मिळायलाही दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी टीमकडून लागणाऱ्या ॲक्सेसची यादी मागून घ्या आणि सगळ्या विनंत्या एकदम टाका. हे राहिलं तर दुसरा आठवडाही वाट पाहण्यात जातो.

त्यानंतरचं मुख्य काम म्हणजे स्प्रेडिंग. कर्जदार कंपनीच्या वार्षिक अहवालातले आकडे बँकेच्या ठरलेल्या साच्यात भरायचे. ऐकायला कारकुनी वाटतं, पण कर्जदाराचं रेटिंग, कर्जाची मर्यादा, अटी सगळं याच आकड्यांवर उभं राहतं. इथे चुकलेला आकडा थेट कर्ज मंजूर करणाऱ्या समितीसमोर जातो.

भरण्याआधी तीन गोष्टी बघा. आकडे हजारांत आहेत की दशलक्षांत. हिशेब एकट्या कंपनीचे आहेत की संपूर्ण समूहाचे. कर्ज ज्या कंपनीला द्यायचं आहे तिच्याकडे रोकड येते का, हा प्रश्न यातूनच निघतो. आणि मागच्या वर्षाचे आकडे या वर्षीच्या अहवालात बदलून छापले आहेत का. बदलले असतील तर नवे घ्या आणि का बदलले ते हिशेबांसोबतच्या टिपांमधून शोधून लिहून ठेवा.

कर्ज मोजताना सर्वांत जास्त चुका होतात. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा या वर्षी फेडायचा भाग चालू देण्यांत बसलेला असतो, तो सुटतो. भाडेकराराची देणी सुटतात. आयएफआरएस १६ हे भाडेकरारांचं आंतरराष्ट्रीय हिशेब मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं आणि भाडेकरार ताळेबंदावर आले. त्यामुळे कर्ज वाढलं, पण एबिटडाही (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढला, कारण भाड्याच्या जागी घसारा आणि व्याज आलं. या तारखेच्या अलीकडची-पलीकडची वर्षं न जुळवता शेजारी मांडली, तर धंदा सुधारल्याचा खोटा भास होतो. उलट बाजूला, कर्जातून रोकड वजा करताना ती वापरायला मोकळी आहे का ते तपासा. कुठे तारण म्हणून अडकलेली रोकड वजा करायची नाही.

भरून झाल्यावर तीन ताळे घ्या. ताळेबंदाच्या दोन बाजूंतला फरक शून्य. राखीव नफ्याची सुरुवातीची शिल्लक अधिक नफा वजा लाभांश म्हणजे अखेरची शिल्लक. रोख प्रवाह पत्रकातली अखेरची रोकड आणि ताळेबंदातली रोकड सारखी. शेवटचं जुळलं नाही तर आधी ओव्हरड्राफ्ट बघा. काही कंपन्या तो रोख प्रवाह पत्रकात रोकडीतूनच वजा करतात. फरक ‘इतर’ या ओळीत ढकलून ताळा कधीही जुळवू नका.

तीन आठवड्यांत हेच करा. तीन वेगवेगळ्या उद्योगांतल्या कंपन्यांचे पाच-पाच वर्षांचे अहवाल घेऊन स्वतः स्प्रेड करा. टिपा शेवटच्या पानापर्यंत वाचा.

हप्ता_आणि_मुद्दल

वरच्या उत्तरात एक भर. गुणोत्तर काढणं तुला येतं, पण बँकेत विचारतात की ते कधी मोडेल.

समज, एबिटडा १२०, कर १५, यंत्रं चालू ठेवायला लागणारा भांडवली खर्च २५. उरले ८०. वर्षाचं व्याज २० आणि मुद्दल ४०, म्हणजे ६० फेडायचे. ८० भागिले ६०, डीएससीआर (फेडीसाठी उरलेली रोकड भागिले फेडायची रक्कम) १.३३. बरेच इंटर्न इथे थांबतात आणि ‘समाधानकारक’ लिहितात.

आता एबिटडा २० टक्क्यांनी खाली आण: ९६. कर तेवढाच धरला तर उरतात ५६, गुणोत्तर ०.९३. हप्ता भागत नाही. याहून उपयोगी म्हणजे उलट गणित: हप्ता जेमतेम भागायला एबिटडा १०० लागतो, म्हणजे सुमारे १६.७ टक्के घसरण सोसते. मग मागच्या दहा वर्षांत या कंपनीचा एबिटडा एका वर्षात जास्तीत जास्त किती पडला होता ते काढ. तो २५ टक्के पडला असेल, तर १.३३ या आकड्याने कुणाचंही समाधान होणार नाही. कर्जाच्या मेमोत, म्हणजे समितीला जाणाऱ्या टिपणात, हे एक वाक्य असलं की वाचणाऱ्याला कळतं, कर्ज समजून लिहिलंय.

सूत्रधार_शीट

एक्सेलबद्दल. व्हीलुकअप या आकडा शोधणाऱ्या सूत्राचा चौथा भाग लिहिलाच नाही तर ते अंदाजे जुळणी करतं आणि चुकीचा आकडा निमूटपणे देऊ शकतं. तिथे फॉल्स लिहा किंवा एक्सलुकअप वापरा. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं, त्यामुळे लांब खाते क्रमांक फाईल उघडतानाच बिघडतात. सुरुवातीची शून्यंही उडतात. असे रकाने आधीच टेक्स्ट म्हणून आयात करा. सूत्राच्या मधोमध हाताने आकडा टाइप करू नका. भरलेले आकडे निळे, सूत्रं काळी, आणि प्रत्येक भरलेल्या आकड्याशेजारी अहवालाचं पान.

हा काटेकोरपणा कशासाठी? २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात नोंद आहे की जोखीम मोजणाऱ्या मॉडेलच्या शीटमध्ये आकडे हाताने कॉपी-पेस्ट होत होते आणि एका ठिकाणी सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं. तोट्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण त्या चुकीने जोखीम होती त्याहून कमी दिसली.

दुसरी_सही

नोकरीच्या प्रश्नाकडे येते. साधारण पाचव्या आठवड्यात मध्यावधी आढावा होतो. त्यात पहिल्यांदा उणीव कळली तर सुधारायला वेळ कमी पडतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यातच मॅनेजरला विचार: “मी केलेल्या कामात तुम्हाला पुन्हा काय करावं लागलं?” ‘माझं काम कसं आहे’ असं विचारलंस तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं.

काम घेतानाच विचारून घे: कोण वाचणार, कोणत्या रूपात हवं, कधीपर्यंत, आणि मागच्या वेळचा नमुना आहे का. अर्धा तास अडकलीस किंवा अडकलास तर विचारायला जा, पण काय काय करून पाहिलं ते सांग. पाठवून झाल्यावर चूक सापडली तर त्याच क्षणी कळव: कोणता आकडा बदलला, किती बदलला, निष्कर्ष बदलतो का. चुकीमुळे इंटर्नशिप सहसा बिघडत नाही, लपवलेल्या चुकीमुळे बिघडते.

गोपनीयतेत मात्र सूट नाही. फाईल स्वतःच्या ईमेलवर पाठवायची नाही, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही, परवानगी नसलेल्या एआय साधनात ग्राहकाचे आकडे टाकायचे नाहीत. लिफ्टमध्ये कंपनीचं नावही घ्यायचं नाही. यात हेतू चांगला असला तरी इंटर्नशिप तिथेच संपू शकते.

नवा_इंटर्न

सगळ्यांचे मनापासून आभार. एका अहवालावर सराव सुरू केला. कंपनीने ‘एकवेळचा पुनर्रचना खर्च’ एबिटडात परत जोडून ‘समायोजित एबिटडा’ दाखवला आहे. मी कोणता घ्यायचा?

ताळेबंद_वाचक

आधीच्या चार वर्षांचे अहवाल उघडा आणि हीच ओळ शोधा. दरवर्षी असेल तर तो नेहमीचा खर्च आहे, परत जोडू नका. खरोखर एकदाच आला असेल तर परत जोडा, पण त्यातली किती रोकड प्रत्यक्ष बाहेर गेली ते बघा, कारण हप्ता रोकडीतून जातो. साच्यात दोन्ही एबिटडा ठेवा, फरकाची ओळ वेगळी दाखवा आणि टिपेचं पान लिहा. कोणता आकडा रेटिंगसाठी धरायचा हे बँकेच्या पद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. रुजू झाल्यावर ते पुस्तक पहिल्याच दिवशी मागा.