कॅलिफोर्नियात किमान विमा पुरतो का?

फ्रीमाँटकर: जुनी कोरोला घेतोय. एजंट म्हणतो, ३०/६०/१५ घेतलं की कायद्याचं काम झालं. हे आकडे कशाचे? तेवढ्यावर भागतं का?

सॅनहोजेची काकू: अरे, समोरच्या एकाला लागलं तर ३० हजार डॉलर, सगळ्यांचे मिळून ६० हजार, त्यांच्या गाडीबिडीचे १५ हजार. तुझ्या कोरोलाला छदामही नाही! २०२५ आधी तर १५/३०/५ वरच भागवायचे. आता ८८० हायवेवर पुढे टेस्ला असली तर १५ हजारांत काय होणार? वरचं तुझ्या खिशातून. मी १००/३००/१०० घेते. आणि ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ (ठोकणाऱ्याकडे विमाच नसला तर तुला मिळणारं संरक्षण) नको म्हणून सही मागतील, ती मुळीच करू नकोस. बिनविम्याचे कमी नाहीत इथे.

फ्रीमाँटकर: विम्याऐवजी डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) पैसे ठेवता येतात म्हणे?

उगाचबोलका: येतात की, ७५ हजार डॉलर. तेवढे असतील तर जुनी कोरोला कशाला घेतोस :)

सॅनहोजेची काकू: याचं ऐकू नकोस. आणि ठोकलीच, तर कुणाला लागलं किंवा नुकसान हजारावर गेलं की दहा दिवसांत एसआर-१ हा अपघात कळवायचा फॉर्म डीएमव्हीला, चूक कुणाचीही असो. पोलीस येऊन गेले तरी हा वेगळा भरावा लागतो.