मदत हवी आहे : भिंतीवर चढणारा साप कवड्याच समजायचा का?

गाव भोर तालुक्यात. आई एकटी असते, मी पुण्यात. गेल्या दहा दिवसांत सोप्यातल्या ट्यूबखाली तीनदा साप दिसला, तिन्ही वेळा रात्री आठ-नऊच्या सुमारास आणि तिन्ही वेळा भिंतीवर. ट्यूबभोवती पावसाळी किडे, किड्यांमागे पाली आणि पालींमागे हा. परवा आईच्या डोळ्यांदेखत त्यानं पाल धरली. पालीनं शेपूट टाकली, तरी सुटली नाही.

शेजारचे तात्या काठी घेऊन आले होते. आईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. तिचं म्हणणं, "मण्यार कुठं भिंतीवर चढती व्हय? ह्यो कवड्या. खाऊ दे पाली."

माझी झोप उडाली आहे ती वेगळ्याच कारणानं. आई त्याच भिंतीला डोकं करून खाली वाकळ टाकून झोपते. तिनं पाठवलेल्या फोटोत हातभर काहीतरी गडद आणि त्यावर फिकट पट्टे, एवढंच कळतं. भिंतीवर चढतो म्हणजे बिनविषारी कवड्या, विषारी मण्यार नव्हे, हे खरं मानायचं का? आणि साप चढतो तरी कसा, ना हात ना पाय?

प्रतिसाद १
आधी चढण्याचं. सापाच्या पोटाखाली आडवे रुंद खवले असतात. कवड्याचे हे खवले दोन्ही कडांना कोन केल्यासारखे दुमडलेले असतात. गिलाव्याच्या खडबडीत जागी ती कड अडकवायची, मागचं अंग वळवून घट्ट करायचं, पुढचं लांबवायचं. मग पुढचं रोवून मागचं ओढून घ्यायचं. गुळगुळीत टाइल्सवर त्याची पंचाईत होते. पुढचे दातही लांब असतात, बुळबुळीत सापसुरळी निसटू नये म्हणून. विष नाही. मात्र डिवचलात तर कडकडून चावतो.

आता पट्टे. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यार चकचकीत काळी, तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीनं, मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक. तिच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी असतात, पण ते बघायला कुणी जवळ जाऊ नये. लांबूनच झूम करून मान आणि शेपूट दोन्ही येतील असा फोटो काढायला सांगा.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी सहमत, आईंच्या नियमाशी नाही. मण्यार कवड्याइतकी चढत नाही, पण अंथरुणात आणि छपरात सापडलेली आहे. दिवसा डिवचलं तर वेटोळ्यात डोकं लपवून बसते आणि लोक गरीब साप समजतात. रात्री हीच शिकारीला निघते. उंदीर, पाली आणि दुसरे सापसुद्धा खाते, म्हणजे तुमचा कवड्याही तिच्या ताटातला.

तिचे दात बारीक असतात. चावल्याचं दुखत नाही, सूज नाही, झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. खाली झोपलेलं माणूस असं उठलं तर जखम शोधत बसू नका. १०८ ला फोन करून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. बांधणं, कापणं, चोखणं काही नको. साप घरात शिरला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काल चुलतभावानं नीट फोटो काढला : तपकिरी अंग, मानेवर फिकट पट्टा, शेपटीकडे जवळजवळ कोराच. म्हणजे कवड्या. आईचं उत्तर बरोबर निघालं, कारण चुकीचं होतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "बरोबर आलं न्हवं?"

खाली झोपण्याचं मात्र अजून तसंच आहे. कॉटवर तिला झोप लागत नाही. गादीखाली खोचायची मच्छरदाणी लावते म्हणाली, तीही डासांसाठी. मागच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. तिला रबरी पट्टी टिकते की उंदीर कुरतडतात? कुणी लावली असेल तर कृपया सांगा, रविवारी गावी जातोय.