साबण-शांपूच्या कंपन्यांचे सामाजिक उपक्रम: अहवालात नेमके काय वाचावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

आमच्या तालुक्यातील ग्राहक मंडळात दर महिन्याला एक विषय घेऊन चर्चा होते. पुढच्या बैठकीसाठी साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटे अशा रोजच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक आणि पर्यावरणविषयक उपक्रमांचा विषय माझ्याकडे आला आहे. त्यासाठी मी हिंदुस्थान युनिलिव्हर, आयटीसी, डाबर यांसारख्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला घेतले. घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुविधा’ हे स्वच्छतागृह, न्हाणीघर, कपडे धुण्याची सोय आणि पिण्याचे पाणी एकत्र देणारे केंद्र, खेड्यांतील महिलांमार्फत माल विकणारा ‘शक्ती’ प्रकल्प, जलसंधारणाची कामे, शाळा असे पुष्कळ काही त्यांत आहे आणि त्यातील बरेचसे काम मला मनापासून चांगले वाटते.

माझ्या अडचणी दोन आहेत. यातील कोणते काम कायद्याने करावेच लागते आणि कोणते कंपनी स्वतःहून करते, हे अहवाल वाचून कळत नाही. दुसरी अडचण अधिक टोचणारी आहे. हिंदुस्थान युनिलिव्हर म्हणते की २०२१ पासून आपण वेष्टनासाठी वापरतो त्याहून अधिक प्लॅस्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया करतो. डाबरचाही दावा याच धर्तीचा आहे. हे खरे असेल, तर आमच्या गावाच्या ओढ्यात शांपूच्या आणि वेफर्सच्या पुड्या वर्षानुवर्षे तशाच का साचत राहतात? हे विधान खोटे आहे असे मला म्हणायचे नाही; ओढा आणि अहवाल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, एवढेच समजून घ्यायचे आहे.

ताळेबंद यांचे उत्तर

आपल्या पहिल्या अडचणीबद्दल लिहितो, कारण माझा रोजचा संबंध कंपनी कायद्याशी येतो.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. सुरुवातीला खर्च झाला नाही तर कारण सांगून सुटता येत असे. २०२१ पासून ती सवलत संपली: चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करावी लागते, आणि बाकीची सहा महिन्यांत सरकारने नेमलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून ‘आम्ही समाजासाठी दोन टक्के देतो’ असे वाक्य अहवालात दिसले तर ते कायद्याच्या पालनाचे निवेदन म्हणून वाचावे.

खरा बारकावा पुढे आहे. या सक्तीच्या सामाजिक खर्चाला सीएसआर म्हणतात. सीएसआरच्या नियमांनी काही खर्च स्पष्टपणे वगळले आहेत: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे, जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याची सक्ती पूर्ण करण्यासाठी केलेला खर्च. प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी वेगळ्या नियमांनी उत्पादकावर टाकलेली असल्यामुळे तिच्यावरचा खर्च त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही. ‘शक्ती’ प्रकल्पाचेही उदाहरण घ्या. या सहस्रकाच्या आरंभी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात तो सुरू झाला आणि ज्या खेड्यांत वितरक पोहोचत नव्हता तिथे बचत गटांतील महिलांनी माल पोहोचवला. त्यातून त्यांच्या हाती पैसा आला हे खरेच आहे, परंतु मुळात तो विक्रीचा मार्ग आहे आणि त्याकडे तसेच पाहावे. कंपनीचा व्यवसाय आणि गावातील बाईचे उत्पन्न दोन्ही वाढले, तर त्यात कमीपणाचे काही नाही. ते दान नव्हे, एवढेच.

आकाराचाही अंदाज असू द्या. हिंदुस्थान युनिलिव्हरची वार्षिक उलाढाल सुमारे ६०,००० कोटी रुपयांची आणि तिचा सीएसआर खर्च दोनशे कोटींच्या थोडा वर आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे चाळीस पैशांच्या आसपास. उरलेल्या नव्व्याण्णव रुपयांहून अधिक रकमेत कच्चा माल कुठून घेतला, कामगाराला काय दिले, वेष्टन कशाचे केले, हे सगळे ठरते. कंपनीच्या जबाबदारीचा शोध तिथे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रे मात्र बहुतेक वेळा त्या चाळीस पैशांचीच असतात.

सुका_कचरा यांचे उत्तर

ओढ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. पुण्यात कचरावेचकांच्या कामाशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे आणि हा प्रश्न आम्हालाही रोज पडतो.

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. त्यांत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जोडली गेली. व्यवहारात सगळे तिला ईपीआर म्हणतात. वेष्टनाचे प्रकार पाडले आहेत: पहिला कडक प्लॅस्टिकचा, म्हणजे बाटल्या आणि डबे, दुसरा लवचीक प्लॅस्टिकचा, म्हणजे पिशव्या आणि प्लॅस्टिकच्याच थरांच्या पुड्या, तिसरा बहुस्तरीय, ज्यात प्लॅस्टिकसोबत ॲल्युमिनियमसारखा दुसरा पदार्थ चिकटवलेला असतो, चौथा विघटनशील पिशव्यांचा. कंपनीने बाजारात आणलेल्या वजनाच्या २५ टक्क्यांची जबाबदारी २०२१-२२ साठी होती, ती २०२२-२३ मध्ये ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के झाली. आज सगळे गोळा करणे हे बंधन आहे, आणि कंपनीचे मोठेपण मोजायचे तर या रेषेच्या वर मोजावे लागेल.

आता हिशेब कसा होतो ते पाहा. कंपनीने विकलेली पुडीच परत आणली पाहिजे, असे नियम म्हणत नाही. त्याच प्रकारचे तेवढ्या वजनाचे प्लॅस्टिक, मग ते कोणत्याही कंपनीचे असो आणि देशातील कोणत्याही शहरातून आलेले असो, नोंदणीकृत उद्योगाने प्रक्रियेला घेतले की त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि कंपनी ते विकत घेऊ शकते. साहजिकच माल तिथून गोळा होतो जिथे तो दाट आणि स्वस्तात मिळतो, म्हणजे मोठ्या शहरांत आणि गोदामांच्या आसपास. आपल्या ओढ्यातील पुडी उचलायला माणूस पाठवणे कोणालाच परवडत नाही. देशाच्या पातळीवरचे वजन जुळते आणि ओढा भरलेला राहतो. आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात त्या अशा. वजन तरी नेहमी खरेच जुळते का, हाही प्रश्न आहे, कारण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही पुनर्चक्रण उद्योगांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले होते.

गोळा झाल्यावर काय होते, हेही विचारले पाहिजे. पाण्याच्या बाटलीला भंगारवाला किलोमागे पैसे देतो, म्हणून ती रस्त्यावर फार काळ राहत नाही. वेफर्सच्या चकचकीत पिशवीला भाव नाही. एक किलो भरायला शेकडो वेचाव्या लागतात आणि थर वेगळे करता येत नसल्यामुळे तिच्यापासून पुन्हा पिशवी होत नाही. तिचा मोठा भाग सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत जळतो. अहवालातील ‘प्रक्रिया’ या शब्दात हे जाळणेही येते. कायद्याचा इतिहासही बोलका आहे: २०१६ च्या नियमांत पुनर्चक्रण न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे म्हटले होते, आणि २०१८ च्या दुरुस्तीत ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा कोणताही उपयोग नाही, तेवढेच बंद करायचे असा बदल झाला. जवळजवळ प्रत्येक पुडी जाळून ऊर्जा मिळते, म्हणून पुडी राहिली.

चांगले प्रयोग झाले आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. आयटीसीने या संस्थेबरोबर बहुस्तरीय प्लॅस्टिक गोळा करण्याचे काम केले. एरवी ज्याला कोणी हात लावत नाही तो माल वेचण्याचा मोबदला मिळाला, तर वेचणाऱ्या बाई तो उचलतात. त्यासाठी निराळ्या प्रबोधनाची गरज पडत नाही. मात्र कंपनीने किंवा मधल्या कंत्राटदाराने वेचणाऱ्या व्यक्तीला किलोमागे किमान किती द्यावे, हे २०२२ च्या तत्त्वांत कुठेही ठरवलेले नाही. साखळीतील सगळ्यात कष्टाचे काम ज्या बाई करतात त्यांचा भाव सगळ्यात शेवटी आणि उरलेल्या पैशांतून ठरतो, आणि ही गोष्ट मला कोणत्याही ओढ्याहून अधिक अस्वस्थ करते.

सॅनिटरी पॅडचेही सांगतो. ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडची पाकिटे थेट उत्पादक कंपन्यांना पाठवली होती, कारण उघडे पॅड हाताने वेगळे करणे त्यांच्या वाट्याला येत होते. घनकचरा नियम २०१६ मध्ये प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीचे पाकीट द्यावे किंवा पॅडच पुनर्चक्रणयोग्य करण्याच्या शक्यता तपासाव्यात, अशी तरतूद आली. आज दुकानातील सगळी पाकिटे उघडून पाहा, म्हणजे ती किती पाळली जाते ते कळेल.

तळटीप_वाचक यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत होऊन अहवाल कसा वाचावा याबद्दल थोडे लिहितो. शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ नावाचा, कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा ठरावीक नमुन्यातील अहवाल सक्तीचा केला आहे. त्याची नऊ तत्त्वे आहेत. आपल्या कामासाठी दुसरे तत्त्व वाचा, ज्यात ईपीआर आणि परत घेतलेल्या मालाचे टनांतील आकडे असतात; सहावे वाचा, ज्यात पाणी, ऊर्जा आणि कचरा येतो; आणि आठव्यात सीएसआरचे लाभार्थी व आकांक्षित जिल्ह्यांतील, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्र सरकारने निवडलेल्या जिल्ह्यांतील, खर्च पाहा. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे असे जिल्हे आहेत. देशात सीएसआरचा सर्वाधिक पैसा महाराष्ट्राला मिळतो, आणि तरीही या चार नावांपुढील रकाना अनेक अहवालांत रिकामा असतो.

प्रत्येक तत्त्वाखाली ‘अत्यावश्यक’ आणि ‘नेतृत्वदर्शक’ असे दोन भाग आहेत. पहिला सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. त्यामुळे कंपनीने ऐच्छिक भागातील कोणते प्रश्न टाळले, हे पाहण्यासारखे असते. कारखान्यातील उत्सर्जन सक्तीच्या भागात येते, परंतु पुरवठादारांपासून ग्राहकाच्या न्हाणीघरापर्यंतचे उत्सर्जन ऐच्छिक भागात आहे. साबण-शांपूच्या धंद्यात नेमका तोच वाटा सर्वांत मोठा असतो, कारण आंघोळीचे पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ही कारखान्यातील ऊर्जेहून कितीतरी जास्त होते. युनिलिव्हरने स्वतः हे अनेकदा मांडले आहे.

आणि जुने प्रकरण विसरू नये. कोडाइकनालमध्ये पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा हिंदुस्थान लिव्हरचा (म्हणजे आजच्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा) कारखाना, पारा लागलेली काच भंगाराच्या आवारात सापडल्यानंतर मार्च २००१ मध्ये बंद झाला. ५९१ माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले, आणि जमिनीतील पाऱ्याच्या सफाईचा वाद त्याहूनही पुढे चालला. याच पंधरा वर्षांत त्याच कंपनीचा ‘शक्ती’ प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गांतून आदर्श म्हणून शिकवला जात होता. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या आहेत आणि बैठकीत दोन्ही मांडाव्यात, अशी माझी विनंती आहे.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

आपण तिघांनी इतक्या सविस्तरपणे लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रमाणपत्र देशात कुठूनही घेता येते, ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि बैठकीत मी तिथूनच सुरुवात करीन. एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आमच्या मंडळातील दोघा-तिघांकडे अशा कंपन्यांचे थोडे शेअर आहेत, बाकीचे सगळे ग्राहक आहेत. आम्ही कंपनीला काही विचारू शकतो का, आणि विचारायचे तर काय?

ताळेबंद यांचे उत्तर

एक शेअर असलेल्यालाही वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांची सभा आता दृक्‌श्राव्य पद्धतीने होते. वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावे लागते, ती मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. प्रश्न एकच आणि मोजता येईल असा ठेवा. उदाहरणार्थ: गोळा केलेल्या बहुस्तरीय प्लॅस्टिकपैकी किती टन पुन्हा वस्तूत गेले आणि किती टन जाळले?

ग्राहक म्हणून वेगळा मार्ग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ यांसारखे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत आणि त्यांचा आधार ग्राहकाला पाहता आला पाहिजे. वेष्टनावर असा दावा असेल आणि त्याचा आधार कुठेच सापडत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वेष्टनाचा फोटो आणि पावती जपून ठेवा.

सुका_कचरा यांचे उत्तर

एक भर घालतो. २०१६ च्या नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींपर्यंत नेली, त्यामुळे पंचायतीला बरोबर घ्या. ओढ्याच्या ठरावीक लांबीतील पुड्या एके दिवशी गोळा करा, कंपनीनुसार ढीग करा, वेष्टनाचे प्रकार वेगळे ठेवून वजन करा आणि तारखेसह तक्ता बनवा. असे तक्ते देशात आणि परदेशांत अनेक गटांनी केले आहेत. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या पत्रासोबत प्रत्येक कंपनीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला पाठवा. पत्रात एवढेच विचारा की आमच्या तालुक्यात आपल्या वतीने कोण गोळा करते, वेचणाऱ्याला किलोमागे किती देते आणि गोळा केलेला माल कोणत्या उद्योगाकडे जातो. गोव्याने २०२४ मध्ये वेष्टनांसाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे. आपल्याकडेही २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. पुडीसाठी तशी ठेव का नसावी, हा प्रश्न त्याच पत्रात आमदारांना प्रत देऊन विचारता येईल. तक्ता तयार झाला की इथे जरूर टाका. इतर तालुक्यांतील वाचकांना त्याच नमुन्यावर आपापला तक्ता करता येईल.