अँटीप्रोटॉन मंद करताना इतके वाया का जातात?

प्रश्न: रविवारी कोथरूडच्या अभ्यासगटात सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतला अँटीप्रोटॉन डिसिलरेटर, म्हणजे अँटीप्रोटॉन (प्रोटॉनचे ऋण प्रभाराचे प्रतिकण) मंद करणारं यंत्र, समजावायचाय. वेग उतरवला की कणांचा झोत फुगतो, तो का? आणि त्यापुढे एलिना (झोत आणखी मंद करणारं दुसरं कडं) कशाला लागली?

उत्तर १: पुढच्या दिशेचा संवेग घटतो, आडवा मात्र तेवढाच राहतो. कोन वाढतो, झोत नळीच्या भिंतीला भिडतो. म्हणून मध्ये मध्ये थांबून झोत ‘थंड’ करतात: संवेग ३.५७ आणि २ जीईव्ही/सी (कणभौतिकीतलं संवेगाचं एकक) असताना स्टोकॅस्टिक कूलिंग (झोताची विस्कट मोजून विद्युत झटक्यांनी ती सावरणं), ०.३ आणि ०.१ ला इलेक्ट्रॉन कूलिंग (झोतासोबत त्याच वेगाचे इलेक्ट्रॉन सोडणं). शेवटी हे इलेक्ट्रॉन जेमतेम २.९ केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) असतात. वेग अँटीप्रोटॉनशी जुळला नाही तर सगळं फुकट.

उत्तर २: डिसिलरेटरमधून बाहेर पडताना ऊर्जा ५.३ एमईव्ही (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), प्रयोगात कण पकडून ठेवणाऱ्या सापळ्याला हवी काही केईव्ही. पूर्वी ऊर्जा उतरवायला मध्ये फॉइल ठेवायचे, ९९ टक्क्यांहून जास्त तिथेच गारद! एलिनाचं ३० मीटरचं कडं ऊर्जा १०० केईव्हीवर आणतं. फॉइल तरीही लागते, पण फारच पातळ. निर्वातही कडक हवा, नाहीतर उरलेला वायू मंद झोत विस्कटतो.

उत्तर ३: ‘थंड’ म्हणजे फ्रीज नव्हे, हे आधीच सांगा. कणांच्या वेगांतली तफावत कमी करणं, एवढंच.