मदत हवी आहे: सिम्युलेटरवर पास, खऱ्या ड्रिलवर बिट जाम

ब्लास्टहोल ड्रिलच्या (खडकात सुरुंगासाठी भोकं पाडणारं मशीन) नवीन ऑपरेटर्सना मी ट्रेनिंग देतो. सिम्युलेटरवर पोरं मस्त चालवतात, जॅक टाकून मशीन लेव्हल करणं, रॉड जोडणं, सगळं वेळेत, पण खऱ्या मशीनवर बसले की पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच घोळ. वरचा थर फुटका असतो, तिथे कॉलरिंग करताना, म्हणजे होलचं तोंड पाडताना, फीड प्रेशर (बिट, म्हणजे ड्रिलचं खडक फोडणारं टोक, खाली दाबायचा जोर) कमी ठेवून हळू जायचं तर हे दाबतच जातात, रोटेशन प्रेशरचा (बिट फिरवायला लागणारा जोर) काटा चढतोय, होलमधून चुरा यायचा बंद झालाय, तरी लिव्हर तसाच, आणि मग बिट अडकतं. जुना ऑपरेटर नुसत्या आवाजावरून ओळखतो हो, आमच्या सिम्युलेटरमध्ये तो आवाज आणि सीटखालची थरथर जेमतेमच.

फॉल्टचे सीन वाढवून पाहिले, तास वाढवले, स्कोअर अजून सुधारला, मशीनवर फरक शून्य. मशीनमध्ये दोष नाहीये, तेच मशीन जुने लोक नीट चालवतात. सिम्युलेटर बदलणं शक्य नाही, खडकाचा कडकपणा आणि भेगा मात्र सेट करता येतात. प्रॅक्टिसला मशीन फक्त शिफ्ट बदलताना मिळतं.

तर ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी सांगा, सिम्युलेटर पूर्ण संपवून मग मशीनवर बसवता की दोन्ही आलटून पालटून, आणि काटा चढताच फीड सोडायची सवय नेमकी कशी लावता?